लिस्बनच्या सरळ गल्ल्या

जूनमध्ये लिस्बनला रात्री नऊपर्यंत उजेड असतो. कामासाठी आलेल्या माणसावर त्या शहराची ही मोठीच कृपा आहे. बैठका संपून सहाला बाहेर पडलं तरी चांगले तीन तास हातात उरतात. आमची पुण्याची कंपनी इमारतींच्या स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करते. तिथल्या एका कंपनीबरोबर एका प्रकल्पाची आखणी चालली होती, म्हणून मी गेलो होतो. ऑफिस होतं ते १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवलेल्या नव्या भागात. काचेच्या इमारती, रुंद पदपथ, समोर समुद्रासारखी पसरलेली तेजो नदी. तिथून मेट्रोने एकदा गाडी बदलून वीस-पंचवीस मिनिटांत जुन्या शहराच्या पोटात उतरता येतं. मी रोज संध्याकाळी तेच केलं.

निघण्याआधी सगळ्यांनी सांगितलेली यादी ठरलेली होती: बेलेंचा मठ, पिवळी २८ नंबरची ट्राम, टेकडीवरचा किल्ला. यातलं बरंचसं एका रविवारी पाहून झालं. बेलेंच्या जेरोनिमोस मठाची चुनखडीची कोरीव कमान अप्रतिम आहे यात वाद नाही. आत शिरल्या शिरल्या वास्को द गामाची समाधी आहे, आणि पुढे राजघराण्याच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. ते हत्ती पाहताना वसई, चौल, गोवा सगळं एकदम डोळ्यांपुढे येतं. आपल्या किनाऱ्यावरच्या कारभाराचा पैसा आणि मिजास या दगडात उतरली आहे, आणि ती पाहताना माझ्या मनात नुसतं कौतुक नव्हतं. पण खरं सांगायचं तर बेलेंहून मी लवकर निघालो. माझा जीव गुंतला होता तो बायशात.

बायशा म्हणजे दोन टेकड्यांमधला सखल भाग, रोसिउ चौकापासून नदीकाठच्या मोठ्या चौकापर्यंतचा. लोक इथे जेवायला आणि खरेदीला येतात, पाहायला म्हणून कुणी येत नाही. चार-पाच मजली एकसारख्या इमारती, एकाच मापाच्या खिडक्या, काटकोनात छेदणाऱ्या सरळ गल्ल्या. सोनारांची गल्ली, चांदीवाल्यांची गल्ली, चांभारांची गल्ली. जुन्या पेठांसारखी धंद्यावरून पडलेली नावं आहेत, पण आखणी मात्र पट्टी धरून केलेली. युरोपातल्या जुन्या राजधानीच्या मध्यावर असं आखीव शहर कसं, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ते थोडं नीरसही वाटेल. मला ती लिस्बनमधली सर्वांत थोर वास्तू वाटली.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास सगळी चर्चेस माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या लावलेल्या. तेव्हा जमीन हलली, आणि काही मिनिटं हलत राहिली. दगडी घुमट माणसांवर कोसळले. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठाकडे धावले. तिथे पाणी आधी मागे हटलं आणि मग लाटा होऊन आत शिरलं. पडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी पेट घेतला, तो विझायला पाच-सहा दिवस लागले. त्याच वर्षी वसंतात उघडलेलं नवंकोरं ऑपेरागृह गेलं, नदीकाठचा राजवाडा त्यातल्या ग्रंथालयासह गेला, शहरातलं सर्वांत मोठं रुग्णालय रुग्णांसकट जळालं. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण ३० ते ४० हजार हा आकडा पुष्कळ ठिकाणी येतो. शहराची वस्ती तेव्हा दोन लाखांच्या आसपास होती.

सणाचा दिवस हे वाचलं की मी तिथेच अडकतो. मी लातूरचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून, दमून-भागून लोक घरात गाढ झोपले होते. मामाचं गाव औसा तालुक्यातलं. आजी आणि मामा त्या रात्री अंगणात बाजा टाकून झोपले होते, म्हणून वाचले. घरात होते ते वाचले नाहीत. आठ-दहा हजार माणसं त्या पहाटे गेली आणि पन्नासेक गावं जमीनदोस्त झाली. मी शाळेत होतो. पुढे मी इंजिनिअर झालो, तो याच शाखेचा झालो, ते का हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नाही.

आमच्याकडच्या माणसांना भूकंपाने मारलं नाही, भिंतींनी मारलं. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती. आत एक रांग, बाहेर एक रांग, मधे दगडांच्या कपच्या आणि चिखल. दोन्ही रांगांना एकत्र बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाही. वर माळवद: लाकडं, त्यावर फळ्या, त्यावर दीड-दोन फूट माती. उन्हाळ्यात ते घर गार राहायचं, त्या गारव्यात माझं बालपण गेलं. जमीन हलली तशी भिंतीची एक रांग आत पडली, एक बाहेर, आणि वरची सगळी माती खाली आली. काही घरांत मात्र भिंती ढासळूनही लाकडी खण, म्हणजे खांब आणि त्यांवरच्या तुळया, उभ्या राहिल्या. त्या खणांच्या सावलीत जिवंत सापडलेल्या माणसांच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या आहेत.

म्हणून बायशातली भिंत पाहण्याची मला ओढ होती. आमच्या तिथल्या सहकारी बाई जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणातल्या जाणकार. त्या मला एका संध्याकाळी दुरुस्ती चाललेल्या एका इमारतीत घेऊन गेल्या. पहिल्या मजल्यावर एका खोलीतला गिलावा खरवडून काढलेला होता, आणि ती भिंत माझ्यासमोर उघडी होती. उभी लाकडं, आडवी लाकडं, आणि त्या प्रत्येक चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरपी लाकडं, फुलीसारखी. जिथे दोन लाकडं एकमेकांना छेदतात तिथे दोन्ही निम्मी-निम्मी कोरून एकमेकांत बसवलेली, वर हाताने घडवलेला चौकोनी डोक्याचा खिळा. मधल्या तिकोनी जागा विटांचे तुकडे, दगड आणि चुन्याने भरलेल्या. एका जोडावर सुताराने पटाशीने मारलेल्या खुणा अजून स्पष्ट होत्या. मी बोट फिरवून पाहिलं, लाकूड ठणठणीत कोरडं होतं. त्याला ते गायोला म्हणतात, पिंजरा. पिंजऱ्याचं काम घर ताठ उभं ठेवण्याचं नाही, वाकू देण्याचं आहे. शेणा-मातीने लिंपलेली कणगी घरंगळत नेली तर लिंपण झडतं, पण कणगी मोडत नाही, तसंच हे. भूकंपात भरलेल्या विटा सुटतील, गिलावा पडेल, पण मजले माणसांच्या अंगावर येणार नाहीत. आमच्या खणांना फक्त त्या तिरप्या लाकडांचीच उणीव होती. त्या खोलीत उभं राहून मला हे जितकं स्पष्ट दिसलं तितकं कुठल्याही पुस्तकात दिसलं नव्हतं.

हा पिंजरा खरोखर टिकतो का हे पाहण्यासाठी नमुना उभारून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, अशी गोष्ट तिथे सगळे सांगतात. शेजारच्या घराची आग आपल्या घरात येऊ नये म्हणून दोन इमारतींमधली भिंत छपराच्याही वर काढलेली असते. खालून मान वर केली की ती ओळीने दिसते. खिडक्या-दारांची मापं ठरलेली, म्हणजे दगड एकीकडे घडवायचा, लाकूड दुसरीकडे कापायचं आणि जागेवर आणून नुसतं जोडायचं. बायशाच्या एकसारखेपणाचं कारण हे आहे. त्यात सौंदर्यदृष्टी कमी आणि निकड जास्त होती, पण त्या निकडीतूनच एक संयत, देखणा चेहरा आला.

या सगळ्यामागची माणसं नीट ओळखून घ्यावीत अशी आहेत. सेबाश्तियाँव जुझे द कार्वाल्यू हा मंत्री, जो पुढे पोंबालचा मार्केस म्हणून इतिहासात राहिला. तो कठोर होता, पुढे क्रूरही झाला. पण त्या दिवसांत त्याने प्रेतांची विल्हेवाट, धान्याचे भाव, लुटारूंचा बंदोबस्त हे सगळं हातात घेतलं. त्याच्यापेक्षा मला मोह आहे तो मानुएल द माया या म्हाताऱ्या मुख्य अभियंत्याचा. ऐंशीला टेकलेला हा माणूस शहर जळून थंड होतंय न होतंय तोच, महिनाभरात, पर्यायांचा पहिला अहवाल घेऊन हजर झाला. जसं होतं तसंच बांधायचं. रस्ते तेवढे रुंद करायचे. घरांची उंची कमी करायची. सगळं सपाट करून नव्याने आखायचं. किंवा ही जागाच सोडून बेलेंच्या बाजूला नवं शहर वसवायचं. प्रत्येकाचे फायदे-तोटे मांडलेले. शेवटी सपाट करून त्याच जागी नव्याने बांधायचं ठरलं. एउजेनियू दुश सांतुश आणि कार्लुश मार्डेल यांनी आराखडे केले, १७५८ मध्ये त्यांना मंजुरी मिळाली.

आणखी एक गोष्ट पोंबालने केली आणि ती मला पिंजऱ्याइतकीच महत्त्वाची वाटते. त्याने देशभरातल्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली. हादरे किती वेळ चालले, किती आले, कोणत्या बाजूला जोर जास्त होता, समुद्र आधी वर आला की खाली गेला, जमिनीला भेगा पडल्या का, त्यांतून काय निघालं, माणसं किती गेली. हा देवाचा कोप आहे, असं प्रवचनांतून सांगितलं जात होतं त्या काळात सरकार मोजमाप विचारत होतं. त्यांची उत्तरं आजही तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि भूकंपाचा अभ्यास करणारे आजही ती वाचतात. आमच्याकडे १९९३ पर्यंत नकाशावर किल्लारीचा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक सुधारलं तेव्हा तो पहिला पट्टाच काढून टाकला. नकाशा दुरुस्त झाला, पण त्याची किंमत आधी चुकती झालेली होती.

राजा पहिला जुझे त्या दिवशी बेलेंला होता म्हणून वाचला. पण त्यानंतर दगडी छताखाली राहण्याची त्याची हिंमत झाली नाही. आजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकडाचा आणि कापडाचा राजवाडा उभा केला, आणि तो मरेपर्यंत दरबार तिथेच राहिला. हे वाचून मला आजी आठवली. नवं घर मिळाल्यावरही ती कित्येक वर्षं पावसाळा सोडला तर अंगणातच झोपायची. कुणी काही म्हटलं तर म्हणायची, "मला आत झोप येत न्हाई बाबा." पोर्तुगालचा राजा आणि औसा तालुक्यातली माझी आजी यांच्यात दुसरं काही समान नसेल, पण हे होतं.

एका दुपारी काम लवकर आटोपलं तेव्हा मी कार्मुच्या मठात गेलो. १३८९ मध्ये पाया घातलेलं हे चर्च भूकंपात कोसळलं. वर पाहिलं की टोकदार कमानी ओळीने उभ्या आहेत आणि त्यांच्यावर छप्पर नाही, थेट आकाश आहे. पुष्कळांना वाटतं की भूकंपाने कमानी तेवढ्या शिल्लक ठेवल्या. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग नंतरच्या दुरुस्तीतला आहे. पुनर्बांधणी चालू होती, १८३४ मध्ये धार्मिक संघ बरखास्त झाले, काम थांबलं, आणि पुढच्या पिढ्यांनी ते तसंच ठेवायचं ठरवलं. याच मठाबाहेरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला लोक जमले आणि हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान शेजारच्या बराकीत शरण आला. आज तिथे मुलं खेळत होती.

रोसिउजवळच्या साँव दुमिंगुश चर्चमध्ये मी त्याहून जास्त वेळ बसलो. १५३१ चा भूकंप, १७५५ चा भूकंप, आणि १९५९ ची आग, इतकं त्याने सोसलं आहे. १९९४ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा छप्पर नवं घातलं, पण खांब तसेच ठेवले. चुनखडीचा दगड आगीत तापला की त्याचे पापुद्रे सुटतात. इथले खांब तसे सोललेले आहेत, कुठे हातभर खोल. त्याच चर्चमध्ये १५०६ साली ज्यूंच्या कत्तलीला सुरुवात झाली, तिचं स्मारक दाराबाहेर आहे. आत प्रार्थना चालू असते, म्हाताऱ्या बायका त्या फुटक्या खांबाला टेकून बसलेल्या असतात. बायशात इतक्या काटेकोरपणे सगळं नवं केलेल्या शहराने ही एक-दोन ठिकाणं न झाकता ठेवली, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे, दर ३० सप्टेंबरला तिथे श्रद्धांजली वाहतात. पण स्तंभ सगळीकडे सारखेच असतात. जुन्या गावाच्या जागी एखादी गल्ली, एखादा पडका वाडा जपला असता, तर आज तिशीतली पोरं तिथे जाऊन उभी राहू शकली असती.

बायशाच्या बाजूला टेकडीवर अल्फामा आहे. खालचा भाग नदीच्या गाळावर, तर अल्फामा त्यामानाने घट्ट जमिनीवर, म्हणून ती जुनी वस्ती पुष्कळशी वाचली. वाकड्या, पायऱ्यांच्या गल्ल्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दारात सरकायचं. मी गेलो तेव्हा सेंट अँथनीच्या उत्सवाचे दिवस होते. गल्लोगल्ली कागदी पताका, दारातच शेगड्यांवर सार्डिन भाजताहेत, सगळ्या वस्तीभर धूर आणि मिठाचा वास. जागोजाग बारीक पानांच्या, तुळशीच्याच कुळातल्या रोपांच्या कुंड्या विकायला होत्या. तिथली रीत अशी की रोपाला नाक लावायचं नाही. पानांवरून तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. एका आजीबाईंनी माझा हात धरून मला ते करायला लावलं. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. वरच्या खिडकीतून शेजारीण शेजारणीशी बोलत होती, खाली नातू ओरडून काहीतरी मागत होता.

तिथे मला मामांचं म्हणणं पटलं. आमच्या नव्या गावांची आखणी बायशासारखीच झाली. जुनं गाव सोडून मोकळ्या माळावर सरळ रस्ते, मापातली घरं. घर केवढं मिळणार ते ज्याच्या त्याच्या जमिनीवर ठरलं. घरं पक्की होती, सरकारने आणि देणगीदारांनी जीव ओतून काम केलं, त्याचं ऋण आम्ही विसरत नाही. पण गल्ली गेली. चुलत्यांची घरं गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली, समोरच्या ओट्यावर बसणारी माणसं पांगली. मामा म्हणायचे, "घर चांगलं हाय, पर हाक मारली तर ऐकू जाईल असं कुणी न्हाई." बायशातल्या रस्त्यांना धंद्यांची नावं देऊन, सोनारांना एका गल्लीत, चांभारांना एका गल्लीत बसवून त्या शहराने निदान माणसांची पांगापांग थोडी रोखली. सुरक्षित घर आणि शेजार या दोन्ही गोष्टी आराखड्यात बसवता येतात, हे मी आता कुठल्याही बैठकीत ठामपणे सांगेन.

शेवटच्या दिवशी सहकारी बाईंनी मला एका बँकेच्या इमारतीखालचं उत्खनन दाखवलं. वर व्यवहार चालू, खाली रोमन काळातले मासे खारवण्याचे हौद, आणि त्यांच्यामधून बायशाच्या इमारतींखाली ठोकलेले पाइनच्या लाकडाचे खुंटे. गाळाच्या जमिनीत तेच आधार. जोवर ते भूजलात बुडालेले आहेत तोवर त्यांना हवा लागत नाही आणि ते कुजत नाहीत. पाण्याची पातळी उतरली की धोका. बाईंना मात्र काळजी होती ती वरची. गेल्या शे-दीडशे वर्षांत कित्येक इमारतींवर जादा मजले चढले. खाली दुकानासाठी मोकळी जागा हवी म्हणून भिंती काढल्या गेल्या. आता घरांची हॉटेलं होताहेत, आणि कुठे कुठे आतला लाकडी पिंजरा तोडून फक्त समोरचा जुना चेहरा ठेवतात. पर्यटकाला तो चेहरा पुरतो. भूकंपाला तो पुरणार नाही. त्या बोलत होत्या आणि मला आमच्या गावातली घरं दिसत होती. भूकंपानंतर मिळालेल्या घराची भिंत फोडून काढलेलं दुकानाचं शटर, स्लॅबवर चढवलेली लग्न झालेल्या मुलासाठीची खोली. गरज खरी असते, त्यात कुणाचा दोष नाही. पण त्या घरांचं बळ ज्या भिंतीत आणि भिंतींना बांधून ठेवणाऱ्या ज्या आडव्या पट्ट्यांत आहे, तीच कापली जाते.

संध्याकाळी मामांना फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, पण ते जागे होते.

"काय करलालास तिकडं?"

मी भिंतीचं सांगितलं, फुल्यांचं, खिळ्यांचं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग मी विचारलं की धाकट्यासाठी वर खोली काढायचं चाललं होतं, त्याचं काय झालं.

"मिस्त्री बोलवलाय पुढच्या आठवड्यात."

"मामा, तुम्ही त्याला थांबवा. मी येतो, आधी खालच्या भिंती बघतो, मग ठरवू. वर बांधायचं तर हलकं बांधता येईल, पत्र्याचं छप्पर घालू. पण खालचं काही फोडायचं नाही."

"आन् जिन्यासाठी?"

"जिना बाहेरून."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. ये रविवारी. मिस्त्रीलाबी तवाच बोलावतो, तूच सांग त्याला."